पहिल्या सुराआधीचा श्वास

रेकॉर्ड कंपनीकडून आलेली नमुन्याची तबकडी त्याने सकाळी लावली आणि पहिली धून संपायच्या आत हातातला कप भिंतीवर फेकला. आयुष्यात त्याने कधी भांडं आपटलं नव्हतं. मुलगी आतून धावत आली. भिंतीवरून चहा ओघळत होता आणि बाप मशीनसमोर उभा होता.

"तुझ्या आईचा श्वास कापलाय त्यांनी," तो म्हणाला.

मुलीला समजायला वेळ लागला नाही. त्या घरात वाढलेल्या कुणालाही लागला नसता.

त्याची बायको सात महिन्यांपूर्वी गेली. एकतीस वर्षं तिने अकरा जणांचा जॅझ बँड चालवला. सॅक्सोफोन वाजवायची. प्रत्येकाने काय वाजवायचं ते घरी बसून लिहायची, तेही बटाटे सोलता सोलता आणि सॅक्सोफोनची रीड, ती बोरूची पट्टी, ओली राहावी म्हणून तोंडात धरून. त्यामुळे संध्याकाळी तिला काही विचारलं तर उत्तर "हं" किंवा "हंहं" एवढंच मिळायचं. मुलगी पाच आठवड्यांची असताना ती परत स्टेजवर गेली होती. लोक काय काय बोलले ते त्याला अजून पाठ होतं.

बँड उभा केला तिने, माणसं जमवली तिने. पण पहिल्याच मोठ्या हॉटेलच्या मालकाने सांगितलं की पुढे उभी राहून बाई ताल मोजताना दिसली तर गिऱ्हाइकाला बँड हलक्यातला वाटतो. तिने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा तो त्या मालकाची गचांडी धरायला निघाला होता. तिने त्याला खुर्चीत बसवलं. दुसऱ्या दिवशी उंचापुऱ्या, देखण्या ट्रम्पेटवाल्याला तिने पुढे उभं केलं आणि स्वतः दुसऱ्या रांगेत जाऊन बसली. मोजणं बंद झालं. धून सुरू करायच्या आधी ती नाकाने एक श्वास घ्यायची. संथ धुनेला लांब, उडत्या धुनेला तोकडा. त्या श्वासावर दहा माणसं एकदम सुरू व्हायची. ट्रम्पेटवाला पुढे उभा राहून हात हलवायचा तो प्रेक्षकांसाठी. बँडमधलं कुणी त्या हाताकडे बघत नव्हतं.

जाहिरातींवर नावही ट्रम्पेटवाल्याचंच. आणि त्या जाहिराती छापायचा कोण, तर हाच. गल्लीच्या टोकाला त्याचा छोटा छापखाना होता. दरवेळी तो कुरकुरायचा आणि दरवेळी ती म्हणायची, "अहो, छापा मुकाट्याने. नावाने कुठे वाजतं?" मग तो खणातून सगळ्यात मोठ्या अक्षरांचे खिळे काढून त्या माणसाचं नाव जुळवायचा. एकतीस वर्षं जुळवलं. हे आठवलं की त्याला तिचाही राग यायचा, आणि मेलेल्या माणसाचा राग कुठे नेऊन टाकायचा हे कळत नसे.

त्याच दुपारी मुलगी त्याला गाडीतून कंपनीच्या स्टुडिओत घेऊन गेली. बँडच्या ड्रमवाल्याला त्याने फोन करून तिथेच बोलावलं होतं. अंगाने काडीसारखा, पण सगळे त्याला ढोल्या म्हणत. ट्रम्पेटवाला आधीच खिडकीशी बसला होता. वय ऐंशी, पण केस विंचरलेले, बूट चकचकीत.

कंपनीचा माणूस सज्जन होता. त्याने सगळं समजावून सांगितलं. ज्या टेपांवरून तबकडी निघणार त्या जुन्या, शाळेच्या व्यायामशाळेत तालमीच्या वेळी घरच्या मशीनवर घेतलेल्या. त्यांत खुर्च्यांची करकर, खोकला, खरखर असं बरंच होतं. ते सगळं काढून टाकायचा रिवाज आहे, त्यात श्वासही गेला. आणि साफ केलेली प्रत बँडप्रमुखांनी ऐकून पसंत केली होती.

"कुठल्या बँडप्रमुखांनी?" त्याने विचारलं.

त्या माणसाने ट्रम्पेटवाल्याकडे पाहिलं. मग वेष्टनाचा नमुना पुढे सरकवला. ट्रम्पेटवाल्याचं नाव वर, ठळक. खाली वादकांची यादी. त्या यादीत चौथ्या ओळीवर त्याची बायको.

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे खोटं आहे, असं त्याने सांगितलं. त्यावर त्या माणसाने काहीशा संकोचाने कपाटातून जुन्या जाहिरातींची चळत काढली. पुराव्याला एवढंच आहे, म्हणाला. प्रत्येक कागदावर तेच नाव, आणि प्रत्येकाच्या तळाशी बारीक अक्षरात त्याच्या छापखान्याचं.

"तुम्हीच छापलंय, भावोजी," ट्रम्पेटवाला म्हणाला. तिला तो ताई म्हणायचा, म्हणून हा भावोजी. आवाजात कुचकेपणा नव्हता, आणि तेच जास्त झोंबलं.

आपण छापलेल्या जाहिराती त्याने बाजूला सारल्या. मग टेबलावरच्या दोन पेन्सिली उचलून त्याने ढोल्याच्या हातात दिल्या आणि कंपनीच्या माणसाला साफ केलेली तबकडी लावायला सांगितली. ढोल्याला म्हणाला, पहिल्या ठोक्यापासून धर.

ढोल्याने ही धून हजार वेळा वाजवली असेल. पहिल्या वेळी तो उशिरा आला. दुसऱ्या वेळी घाई झाली. तिसऱ्या वेळीही चुकल्यावर तो वैतागून म्हणाला, "अरे, हिला दारच नाही. आत शिरू कुठून?"

"आता मूळ टेप लावा," तो कंपनीच्या माणसाला म्हणाला.

खरखर सुरू झाली. एक खुर्ची करकरली. लांब कुणीतरी हसलं. आणि मग तिने श्वास घेतला.

सात महिन्यांनी. त्याने टेबलाची कड घट्ट धरली. ढोल्याच्या पेन्सिली बरोब्बर ठोक्यावर पडल्या, त्याचे डोळे मिटलेले होते. पण मुलगी ढोल्याकडे बघत नव्हती. तिने बापाच्या दंडाला हात लावला आणि खिडकीकडे मान केली.

ट्रम्पेटवाल्याची छाती फुगली होती. हनुवटी वर गेली होती, ओठ आवळले होते, आणि उजव्या हाताची तीन बोटं गुडघ्यावर दाबलेली होती. श्वास ऐकला आणि ऐंशी वर्षांचा माणूस वाजवायला तयार झाला होता. सगळे बघताहेत हे त्याच्या ध्यानात आलं तसा त्याने हात खिशात घातला.

कंपनीच्या माणसाने टेप थांबवली. त्याला जे कळायचं ते कळलं होतं. तो म्हणाला की श्वास परत घालतो, त्यात अडचण नाही. नावाचं मात्र वेगळं. जाहिरातींच्या विरुद्ध जायचं तर बँड बाईंचा होता असं ट्रम्पेटवाल्याला लिहून द्यावं लागेल.

"देणार नाही," ट्रम्पेटवाला म्हणाला. त्याने मान वर केली नाही. मग म्हणाला, "तुमच्याकडे मुलगी आहे, भावोजी. माझ्याकडे हे एक नाव आहे. ताई असती तर म्हणाली असती, राहू दे त्याला."

"हो. ती म्हणाली असती," तो म्हणाला. "मी म्हणत नाही."

त्याने परवानगीचा कागद मागितला. बायकोचा वारस म्हणून त्याची सही अजून व्हायची होती, आणि त्या सहीशिवाय कंपनी काही करू शकत नव्हती. कागदाचे चार तुकडे करून ते त्याने वेष्टनाच्या नमुन्यावर ठेवले. मग घरून पाठवलेली टेपांची तिन्ही खोकी कपाटातून काढायला लावली. कंपनीचा माणूस म्हणाला, थोडा विचार करा, नाव असो नसो, लोकांना निदान ऐकायला तरी मिळेल. त्याने एक खोकं मुलीच्या हातात दिलं, एक ढोल्याच्या, तिसरं स्वतः उचललं.

जिन्यावर ढोल्या थांबला. खोकं पायरीवर ठेवून म्हणाला, माझ्या कागदावर माझी सही झालेली आहे, ती खोडून येतो, आणि परत वर गेला. त्याची वाट बघत बापलेक खाली फुटपाथवर गाडीपाशी उभे राहिले. मुलगी रागावली होती हे तिच्या उभं राहण्यावरून दिसत होतं.

"आणि ही तबकडी कुणीच कधी काढली नाही तर?" तिने विचारलं. "आपण दोघांनी घरात बसून ऐकायची का तिला? बाहेरच्या कुणाला माहीतच नको, ती होती म्हणून?"

तिचं चुकत नव्हतं. त्याला वाटलं, वर जावं, तुकडे जोडावेत, सही करावी. मग ती ठळक अक्षरं डोळ्यांपुढे आली. एकतीस वर्षं स्वतःच्या हाताने जुळवलेली.

"तर नाही काढली," तो म्हणाला. स्वतःचं उत्तर त्याला अजिबात आवडलं नाही. ढोल्या आपलं खोकं घेऊन खाली आला तेव्हा त्याने डिकी उघडली आणि तिन्ही खोकी आत एकावर एक न रचता शेजारी शेजारी ठेवली, टेपांवर वजन यायला नको म्हणून.