घरची डॉक्टर सोडून

सर्जनबाईंचं संशोधन संपत आलं होतं. ज्या रुग्णालयात स्तनांच्या आजारासाठी पुरुषांच्या जोडीला स्त्री सर्जनही असते, तिथे बायका गाठ लवकर दाखवायला येतात का, असा त्यांचा विषय. कितीतरी बायकांशी बोलून उत्तर हाती आलं होतं: येतात, चांगल्या लवकर येतात. पुढच्या आठवड्यात परिषदेत ते मांडायचं होतं आणि बाई खुशीत होत्या.

त्या रविवारी सकाळी त्यांच्या सासूबाई वरच्या फळीवरची बरणी काढायला गेल्या आणि हात अर्ध्यातच थांबला. "आई गं!" म्हणून त्यांनी काखेजवळ दाबून धरलं. सूनबाई धावल्या. गाऊनच्या गळ्यातून एक पांढरी चिकटपट्टी डोकावत होती, आणि तिच्या कडेने हिरवट-जांभळा डाग. अशा पट्ट्या सूनबाई स्वतः रोज रुग्णांना लावत.

"आई, इथून गाठीतला तुकडा तपासायला काढलाय. कोणी काढला?"

"कोणी म्हणजे? डॉक्टरांनी."

"कुठल्या?"

"पुलापलीकडच्या रुग्णालयातल्या. मुलगा चांगला आहे हो, हात अगदी हलका."

मुलगा! सर्जनबाई आधी घाबरल्या आणि मग चिडल्या. "मी दिवसभर परक्या बायकांना सांगते, लाजू नका, माझ्याकडे या. आणि तुम्ही एका घरात राहून पूल ओलांडून पुरुषाकडे गेलात?"

सासूबाई खुर्चीवर टेकल्या. "चिडू नकोस. तुझ्यापुढे कपडे उतरवायचे आणि संध्याकाळी तुझ्याशीच रिमोटवरून भांडायचं? मला नाही बाई जमायचं. शिवाय तुझं तोंड बघून मला सगळं कळलं असतं. त्या मुलाचं तोंड मला वाचता येत नाही, ते बरं."

"तिथे स्त्री डॉक्टर नव्हती का?"

"होती की. नर्सने विचारलं, बाई हव्यात की पुरुष चालतील. पण बाई म्हणजे तुझी ती मैत्रीण, आपल्याकडे जेवून गेलेली. म्हटलं, पुरुषच द्या."

"गाठ कधी लागली हाताला?"

"झाले पंधरा दिवस. लगेच गेले. तुझं ते लवकर दाखवा, लवकर दाखवा, कानावर पडतच असतं." मग आवाज जरा उतरला. "रिपोर्ट उद्या आहे. येशील?"

सोमवारी दोघी गेल्या. सासूबाईंनी दारातच बजावलं, "आत यायचं ते सून म्हणून. डॉक्टरकी करायची नाही." सर्जनबाई हात मांडीखाली दाबून बसल्या. समोरचा डॉक्टर त्यांना ओळखून गडबडून उठला.

"बसा हो," सासूबाई म्हणाल्या. "आज ती नुसती सून आहे."

तो हसला आणि त्याने वेळ लावला नाही. "मावशी, कॅन्सर नाही. मार लागून आतली चरबी घट्ट झालीय, तिचीच गाठ. कुठे आपटला होतात का?"

"मध्यंतरी लेकाने गाडीला करकचून ब्रेक मारला होता. पट्टा असा रुतला छातीत!"

कागद सुनेच्या हातात आला. असे शेकडो कागद वाचलेल्या बाईंना पहिल्यांदा अक्षरं दिसेचनात. डोळे पुसून त्यांनी ते पुन्हा वाचलं, आणि न राहवून विचारलंच, "सोनोग्राफी परत कधी करायची?" सासूबाईंनी डोळे वटारले.

दोघी बाहेर आल्या. भिंतीशी बाक होता, त्यावर बसल्या. सासूबाईंना आधी रडू आलं, मग हसू, आणि ते हसू सुनेलाही लागलं. येणारे-जाणारे बघत होते.

"तुझं तोंड पाहिलंस का मघाशी? पांढरंफटक! तुझ्याकडे आले असते तर भीतीनेच गेले असते."

"आणि माझ्या संशोधनाचं काय आता? घरातच उलटं निघालं."

"उलटं कसं? बाई तिथे होत्या म्हणून तर कोणीतरी मला विचारलं, काय हवं ते. नुसते पुरुष असते तर कोण विचारतंय! विचारलं, म्हणून मला बरं वाटलं. नाहीतर दारातूनच परत फिरले असते."

सर्जनबाईंना आपली प्रश्नावली आठवली. कोणाकडून तपासून घेतलं, हे त्यांनी प्रत्येकीला विचारलं होतं. बाई हव्यात की पुरुष, असं तुम्हाला कोणी विचारलं होतं का, हे एकीलाही नाही.

पुढचे चार दिवस त्यांनी फोन लावले. बायका मोकळेपणी बोलल्या. ज्यांना विचारलं गेलं होतं, त्यातल्या बहुतेकींनी बाईच मागितली होती, काहींनी मुद्दाम पुरुष, आणि एकीने तर सांगितलं, "जो कमी बोलेल तो." सगळ्यांशी बोलणं झालं नाही, काहींनी फोन उचललाच नाही. पण निबंधाला नवा भाग जोडण्याइतकं जमलं, आणि जुनं उत्तर खोटं ठरलं नाही. उलट त्याला आता कारण मिळालं होतं: बाई असल्या की निवड विचारली जाते.

सर्जनबाई ते टाइप करत असताना सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"माझं लिहिलंस का?"

"तुम्हाला चालणार असेल तर. नाव घालत नाहीत, आई. वय तेवढं येतं."

सासूबाईंनी क्षणभर विचार केला. "मग पाच वर्षं कमी लिही."