बाजूच्याचा खांदा

दांडी गावच्या रामा तांडेलाच्या घरात त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. पावसाळ्यामुळे बोटी किनाऱ्याला लागलेल्या, सगळे घरीच. रामाचा मुलगा सुजीत परदेशात, जगभरच्या पोहणाऱ्यांच्या स्पर्धेत, पन्नास मीटर फ्रीस्टाइलच्या पहिल्या फेरीत उतरणार होता आणि पुतण्या रूपेशने मोबाइल टीव्हीला जोडून दिला होता. शर्यत व्हायची होती अजून, पण कोणीतरी फटाक्यांची माळ पडवीत आणून ठेवली होती. मिरवणूक तारापूरच्या नाक्यावरून काढायची की थेट बोईसर स्टेशनवरून, यावर दोघांची जुंपलीही होती. बाजारात तुरी म्हणतात ते हेच.

रामा मात्र कोपऱ्यात भिंतीला टेकून बसला होता. त्याला मिरवणूक नको होती, पदकही नको होतं. या फेरीत सगळ्या गटांत मिळून पहिल्या सोळांत आला की खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी नक्की, असं सुजीतचे प्रशिक्षक कुंदन सर म्हणाले होते. वयाच्या अटीत बसायचं हे शेवटचं वर्ष. रामाला तेवढंच हवं होतं. समुद्राने द्यायचं कधीच सोडलं होतं. जाळं वर यायचं ते निम्मं प्लास्टिकने भरलेलं, आणि बोंबील सुकवायच्या काठ्या भर हंगामात मोकळ्या दिसायच्या. पोरगा ह्या पाण्यातून सुटावा म्हणून बापाने त्याला बोटीवरून उतरवून पालघरच्या तरणतलावात धाडलं होतं. आता हरून परत आला तर पुन्हा बोटीवरच येणार, दुसरं काय येत होतं त्याला?

"सकालपासून पोटात काय नाय तुमच्या," येसूबाई नवऱ्याला म्हणाली. "दोन घास तरी खा."

"होऊ दे अगोदर."

पडद्यावर आठ जण चौथऱ्यांवर चढले. पाचव्या पट्टीत सुजीत. पाठमोरा असला तरी रामाला त्याचं नाव वाचावं लागलं नाही. प्रेक्षकांचा गलका बोटीच्या इंजिनासारखा एकसारखा चालू होता. आठही जण वाकले.

"आता भोंगा वाजला का उडी," रूपेश सगळ्यांना समजावत होता. "त्याच्याआदी जरा हालला तरी बाद!"

बोटीवर ऐकून काम करतो कोण? इंजिन धडधडत असतं, वारा कानात भणभणत असतो, बोट चालवणाऱ्या तांडेलाची हाक तोंडातून निघते तिथेच विरते. म्हणून जाळं ओढताना हाकेची वाट बघायची नसते. बाजूच्याचा खांदा हलला की आपण ओढायचं. जो थांबला त्याची बोटं दोरात गेलीच म्हणून समजा. सुजीत लहान असताना हे त्याच्या अंगात मुरवलं ते रामानेच, पाठीत रपाटे घालून. कुंदन सरांची अर्धी मेहनत ती खोड मोडण्यात गेली होती. "खाली पाण्याकडे बघ, बाजूला बघू नको," असं ते सारखे ओरडायचे आणि काठावर उभ्या रामाला त्याचं हसू यायचं. आता येत नव्हतं.

चौथ्या पट्टीतल्या गोऱ्याने खांदा सावरला. जरासाच. आणि सुजीत उडाला.

भोंगा त्याच्या मागोमाग वाजला, इतका लगोलग की घरात कोणाला काही कळलं नाही. "मार, सुजीत, मार!" सगळे ओरडत होते. पाणी नुसतं उसळत होतं. सुजीत दुसरा आला. लोकांनी घर डोक्यावर घेतलं, बाहेर माळ पेटली.

"अवं, उठा ना!" येसूबाईचे डोळे भरून आले होते. "जिकला तुमचा पोरगा!"

रामा उठला नाही.

थोड्या वेळाने पडद्यावर नावं आली. सुजीतचं नाव सगळ्यांत खाली होतं आणि त्याच्यापुढे वेळेच्या जागी तीन इंग्रजी अक्षरं होती. रूपेशने ती वाचली आणि टीव्हीचा आवाज बंद केला. बाहेर फटाके वाजतच राहिले. पेटलेली माळ कोण विझवणार?

संध्याकाळी फोन आला.

"बाद केला मला, बाबा."

"बगितला मी."

"सर बोलतात, दडपन आला म्हनून झाला. कोन इचारला तर तुमी पन तसाच सांगा."

"सुजीत, तो बाजूवाला..."

"दडपनच होता, बाबा." सुजीतने त्याला पुढे बोलूच दिलं नाही. "दुसरा काय नाय."

रामाला कळलं, पोराला सगळं ठाऊक आहे आणि तो बापाला यातून बाहेर ठेवतो आहे. माझ्यामुळे झालं रे, असं त्याला म्हणायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं. पण म्हटलं असतं तर पोराने एवढ्या लांबून बापासाठी केलेली ती धडपडही फुकट गेली असती. "जेवलास का?" एवढंच त्याने विचारलं.

नोकरीचं कुंदन सरांनी पुन्हा कधी काढलं नाही. नारळी पौर्णिमा झाली, बोटी पाण्यात उतरल्या, आणि रामाच्या बोटीवर एक खलाशी वाढला. सुजीतने जायला नको म्हणून येसूबाई आदल्या दिवशी भांडली, पण घरी बसून तो करणार काय? सकाळी तिनेच त्याची भाकरी बांधून दिली.

पहिलं जाळं ओढायला घेतलं तेव्हा रामा सुकाणूजवळ उभा राहून बघत होता. सुजीतचा हात एकदाही मागे पडला नाही, एकदाही पुढे गेला नाही. एवढी वर्षं तलावात काढून आलेला पोरगा वाटेना. बोटीवरचा सगळ्यांत जुना खलाशी दामू तर खूश होऊन गेला. त्याने सुजीतच्या पाठीवर थाप मारली आणि इंजिनाच्या वर आवाज चढवून रामाला ओरडून सांगितलं, "पोरगा काय इसरला नाय, रामा! खान तशी माती!"

सगळे हसले. सुजीतही हसला, आणि पुन्हा दोराला भिडला. इतका चांगला खलाशी रामाच्या बोटीला आजवर मिळाला नव्हता, आणि त्याचंच त्याला भर समुद्रात रडू आलं.