पुसायची कळ नसलेली

पेडण्याच्या कचेरीत पोर्तुगीज उमटवणारी माझी पणजी, गोवा मुक्त झाल्यावर इंग्रजी शिकवणारी आजी आणि म्हापशाच्या एका वकिलाकडे राबलेली आई, अशा तालेवार घराण्यातली मी एक जुनी मराठी टाइप मशीन आहे. मित्रांनो, ताठ बसा आणि ऐका.

पेडण्याच्या टंकलेखन वर्गात मी कित्येक मुली घडवल्या. पुढे संगणक आले आणि मला भंगारात काढले. तेव्हा माझ्यावर शिकलेली विमला आडवी आली. "हिका भंगारात जावक मी देवचंय नाय," असे ठणकावून तिने मला बसमधून मांडीवर घेऊन डिचोलीला आपल्या घरी नेले. तो उपकार माझ्यावर राहिला.

तिची लेक वैशाली गेल्या वर्षी लिपिकपदाच्या चाचणीत नापास झाली. वयाच्या अटीमुळे आता एकच संधी उरली होती. बोटे तर वाऱ्यासारखी धावत. पण वेग नुसत्या धावण्यावर ठरत नाही. पाच ठोके म्हणजे एक शब्द. मधली मोकळी जागाही ठोकाच. एकूण शब्दांतून चुका वजा करायच्या आणि उरलेल्यांना मिनिटांनी भागायचे. बरोबर ठोक्यांचे शेकडा प्रमाण म्हणजे अचूकता. वैशालीला चुकले की मागे जाऊन पुसायची सवय होती, आणि चाचणीत ती कळच बंद ठेवलेली. हात तरीही तिकडेच धावला, पुढची अक्षरे हुकत गेली.

विमलेने तिला माझ्यापुढे बसवले.

"आई, हिच्यावर पुसायचं कसं गो?"

"पुसूचा नायच."

"आणि चुकलं तर?"

"चुकला तर चुकला. रडत बसू नको, फुडे चल!"

मीही लाड केले नाहीत. घाई झाली की माझ्या अक्षरांच्या दांड्या एकमेकींत अडकत. त्या सोडवताना बोटे शाईने माखत. मग ती दमाने ठोके देऊ लागली. चुकलेले अक्षर कागदावर तसेच राही. हळूहळू तिला त्याची भीती वाटेनाशी झाली.

यंदाच्या चाचणीत पहिल्याच ओळीत तिचे अक्षर चुकले. हात मागे वळला नाही. वेग मिनिटाला चौतीस शब्द, अचूकता शेकडा अठ्ठ्याण्णव. नेमणूक पक्की झाली.

विमलेने गोड खाज्याचा पुडा सोडला. "पयला हिका!"

"आई, मशीन काय खाजं खाणार?"

"मगे तेल घाल!"

मित्रांनो, ज्या वस्तूने तुम्हाला शिकवले, तिला धूळ खात ठेवू नका. वैशालीने माझ्या सांध्यासांध्यांत तेल सोडले. मायलेकी हसत होत्या. विमलेचे माझ्यावरचे ऋण त्या दिवशी पुरेपूर फिटले.