मीच सावध केलं, मीच चहाडी केली

मी बसमधली पेटी बोलतेय. ड्रायव्हरच्या समोर, काचेखाली, डब्याएवढी करडी पेटी दिसते ना, तीच.

माझा जन्म एका लख्ख कारखान्यात झाला. एका बाईने चिमट्याने माझ्या पोटात नखाएवढे तुकडे बसवले आणि माझं झाकण लावेपर्यंत शेजारणीला मुलीच्या दाढदुखीबद्दल सांगत राहिली. त्यामुळे जगाविषयी मला मिळालेली पहिली माहिती दाढदुखीची.

माझं काम बडबडीचं. ज्या गाड्यांत माझ्यासारख्या पेट्या आहेत, त्यांना मी सतत सांगत असते: मी इथे आहे, या वेगात आहे, आता वळतेय. त्याही मला सांगतात. बसला उशीर झाला, की सिग्नलला विनवते, बाबा, हिरवा दिवा जरा लांबव. तो कधी ऐकतो, कधी नाही. प्रवासी मात्र लाल दिवा लागला की पुढे वाकून बसतात, जणू त्यांच्या वाकण्याने बस सुटणार आहे.

आणखी एक काम आहे. ड्रायव्हरने जोरात ब्रेक मारला, की तशी ओळ लिहून मी डेपोच्या ऑफिसात पाठवते. हे काम कुणालाच आवडत नाही.

आमच्या ड्रायव्हरला सगळे काका म्हणत. सत्तावीस वर्षं बस चालवलेला माणूस. मला बसवलं त्याच दिवशी त्यांनी माझं नाव ठेवलं, सासूबाई. मी टुकटुक केलं की म्हणायचे, "झाल्या सुरू." एका आठवड्यात त्यांनी काच पुसायचं पिवळं फडकं माझ्या आवाजाच्या जाळीत कोंबून टाकलं.

कंडक्टरताईंनी ते पाहिलं. "काका, साहेबांनी बघितलं तर?"

"तिला थंडी वाजत होती. पांघरूण घातलंय."

मग आली ती धुक्याची सकाळ. बसमध्ये एकतीस माणसं. पुलाच्या अलीकडे रस्ता एकदम वळतो, आणि त्या वळणापलीकडे दुधाचा टँकर उलटून आडवा पडला होता. त्याच्यातल्या पेटीचा निरोप मला आला: थांबलेय, रस्ता बंद आहे. मी जिवाच्या आकांताने ओरडले. फडक्यातून आवाज आला तो गोधडीत कुणी शिंकल्यासारखा. पण माझा लाल दिवा लुकलुकत होता.

पुढच्या सीटवर तिकीट देणाऱ्या ताईंना तो दिसला. "काका, पेटी लाल झालीय."

काका काहीतरी खवचट बोलणार होते. तोंड उघडलंही होतं. पण पाय शहाणा, तो आधी ब्रेकवर गेला. बस कचकचत थांबली तेव्हा टँकर दोन हातांवर होता. मागून एक जेवणाचा डबा घरंगळत थेट काकांच्या पायाशी आला.

मागून येणाऱ्या गाड्यांना मी निरोप धाडत होते. पण ज्यांच्यात पेटीच नाही, त्यांना मी कशी सांगणार? काकांच्या ते लगेच लक्षात आलं. माझ्या तोंडातलं फडकं त्यांनी ओढून काढलं आणि धुक्यात ते फडकावत ते मागे धावत सुटले. चार गाड्या त्या फडक्यामुळे थांबल्या. तोवर ताईंनी टँकरच्या ड्रायव्हरला बाहेर काढून त्याचा मोडलेला हात ओढणीने बांधला होता.

आणि मी काय केलं? नेमाप्रमाणे ऑफिसला ओळ पाठवली: सात वाजून बारा मिनिटं, जोरात ब्रेक.

तिसऱ्या दिवशी काकांना बोलावणं आलं. तो कागद साहेबांच्या टेबलावर होता. "या महिन्यातला हा तिसरा. तुम्हाला गाडीवरून उतरवावं लागेल."

काकांना खरं कारण सांगायचं, तर फडक्याचंही सांगावं लागणार होतं.

न बोलावता ताई आत आल्या. "साहेब, त्याच्या आधीची ओळ वाचा. पेटी लाल झाली होती, म्हणजे टँकरचा निरोप आला असणार, ती."

"ती दुसऱ्या खात्याकडे जाते."

"मग मागवा. आम्ही थांबतो."

त्या खरंच खुर्ची ओढून बसल्या. तासाभराने दुसऱ्या खात्यातली इंजिनिअर मुलगी कागद घेऊन आली. दोन ओळी शेजारी ठेवल्यावर साहेबांनी चष्मा काढून पुसला. तेव्हा काकांनीच तोंड उघडलं. "तिच्या तोंडात फडकं मी कोंबलं होतं. तेही लिहा."

फडक्याबद्दल त्यांना लेखी समज मिळाली. गाडी मात्र त्यांच्याकडेच राहिली. आणि त्या मुलीने तेव्हापासून दोन्ही ओळी एकाच कागदावर यायची सोय केली, खाली ड्रायव्हरला स्वतःचं म्हणणं लिहायला जागाही ठेवली.

ती बस आता भंगारात गेली. मी डेपोतल्या प्रशिक्षणाच्या खोलीत टेबलावर पडून असते, वायरी कापलेल्या. नवे ड्रायव्हर माझी बटणं उगीच दाबून बघतात.

माझ्या बहिणी तुम्हाला अनेक गाड्यांत भेटतील. त्या ओरडल्या तर आधी वेग कमी करा, भांडायचं ते नंतर भांडा. आणि त्यांनी कुणाबद्दल एखादी ओळ पाठवली, तर त्या माणसाला समोर बसवून बाकीचं विचारा. आम्हाला ब्रेक कळतो. तो का मारला, ते माणसालाच विचारावं लागतं.