एकदा अजून

जन्मभर फुटबॉलच्या मैदानावर पंच म्हणून शिट्टी फुंकली. आता गुडघे कुरकुरतात, म्हणून मला स्टेडियमखालच्या या बिनखिडकीच्या खोलीत बसवलंय. डाव्या पडद्यावर सामना थेट दिसतो, उजव्यावर मी मागेन तो क्षण पुन्हा लावतात. चूक वरच्या पंचाची आणि शिव्या मला, असा हा धंदा. ‘एकदा अजून’ म्हणायची मला खोडच आहे. यंत्र चालवणाऱ्या बाई माझ्या पाठीमागे मला त्याच नावाने ओळखतात, कळतं मला.

त्या दुपारी एक बचावपटू घसरत आला आणि निळ्या शर्टातला पोरगा आडवा झाला. पंचाने पिवळं कार्ड दाखवलं. ते लाल हवं होतं का, हे मी सांगायचं.

आधी नेहमीच्या वेगाने पाहिलं. बूट चेंडूला लागला, मग पोराच्या घोट्याला घासला. डाव्या पडद्यावर तो उठून बसला होता, पाणी पीत होता. पिवळं पुरेसं होतं. पण खोड!

"एकदा अजून. सावकाश लावा."

या वेळी बूट घोट्याच्या वर होता. डावीकडे पोरगा किंचाळून मागे कोसळला.

"अहो, आत्ता तर बरा होता की," बाई म्हणाल्या.

"नाटकं करतात मेले. एकदा अजून."

बूट थेट नडगीवर. चेंडू कुठल्या कुठे. डावीकडे डॉक्टर धावत आले. पोरगा पाय धरून गुरासारखा ओरडत होता.

"साहेब, आपण बघतोय म्हणून होतंय हे." बाईंनी बटणावरचा हात काढून घेतला.

"डोकं ठिकाणावर आहे ना?" मी खेकसलो, पण माझ्याच तोंडचं पाणी पळालं होतं.

कानातल्या यंत्रात पंच बोलला, "मी मैदानाच्या कडेच्या पडद्यापाशी येतोय. मला दाखवा."

"नको! बघू नकोस. लाल दे आणि मोकळा हो."

"न बघता कसं देऊ?"

"अरे बाबा, पाय जाईल त्याचा!"

तो आलाच. मी खाली वाकलो आणि वायर उपटली. सगळे पडदे काळे झाले. पंच दोन शिव्या हासडून म्हणाला, "बरं, तुमच्या शब्दावर देतो लाल."

लाल होतं का ते? पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नव्हतं. पण पोराचा पाय वाचला असेल, तर बचावपटूने मला खुशाल शिव्याशाप द्यावेत.

मी धापा टाकत जिना चढून वर आलो. पोरगा डॉक्टरांच्या खांद्यावर हात टाकून लंगडत बाहेर चालला होता. पाय सुजला होता, पण शाबूत होता. माझा जीव भांड्यात पडला.

मग लक्षात आलं, स्टेडियममध्ये कुणी ओरडत नव्हतं. हजारो माना खाली वाकल्या होत्या. प्रत्येकाच्या हातात फोन होता.

माझ्या शेजारचा माणूस मित्राला कोपराने ढोसून म्हणाला, "थांब रे, नीट दिसलं नाही. एकदा अजून लाव."

"लावू नका!" मी ओरडलो.

मैदानाकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. पण आवाज ऐकू आला.