कोरडा कूलर

मार्थाची प्रार्थना देवापर्यंत पोचत असेल-नसेल, भिंतीपलीकडे वंदनापर्यंत मात्र नक्की पोचायची. ती आवाजच तसा लावायची.

वंदना म्हणजे तिची धाकटी जाऊ. सक्करदऱ्यातल्या घराच्या वाटण्या झाल्या, मध्ये भिंत उभी राहिली आणि बोअर गेली वंदनाच्या वाट्याला. पहिल्याच उन्हाळ्यात मार्थानं तिथून दोन बादल्या पाणी आणलं, तर वंदनानं रविवारी चर्चच्या दारात चार बायकांसमोर विचारलं, "न विचारता नेलं, तं त्याले काय म्हणतात वं?" तेव्हापासून मार्थानं ठरवलं, माणसाच्या दारी जायचं नाही. देव पुरवील. यात देवावरचा भरवसा किती आणि जावेवरचा राग किती, हे देवच जाणे. पण राग काही कमी नव्हता.

आता मे महिना होता आणि नळाला कालपासून थेंब नव्हता. कुठंतरी मोठी पाईपलाईन फुटली होती म्हणे. मार्थाचा नवरा शांतवन अर्धांगवायूनं खाटेला खिळलेला. खोली तापू देऊ नका, यांना ऊन सोसणार नाही, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलेलं. आणि भर दुपारी खिडकीतल्या कूलरची टाकी आटली. कूलर गरम वाफा फेकू लागला. माठात प्यायपुरतं पाणी उरलं होतं, त्यात टॉवेल भिजवून तिनं नवऱ्याच्या कपाळावर ठेवला. तो बघता बघता वाळला.

मार्था अंगणात गेली, भिंतीजवळ उभी राहिली आणि तिनं डोळे मिटले.

"हे स्वर्गीय पित्या, पाखरांची काळजी वाहणारा तू, आमचीही वाहशील. मनुष्यापुढे हात पसरण्याची वेळ तू माझ्यावर आणणार नाहीस."

"देवाले कायले तरास देता जाऊबाई?" पलीकडून वंदना म्हणाली. "बोअर चालू हाये. एक डाव तोंडानं मागा, लगेच पाईप टाकते."

"मले देव देते."

"मंग कालपासून काहून नाही दिलं?"

"तुयासारखी शेजारीण दिली ना, तिथंच त्याचा हात आखडला!"

तरातरा ती आत आली. शांतवनचा चेहरा लालबुंद झाला होता. त्याचा श्वास भात्यासारखा चालला होता.

"माग तिले," तो जड जिभेनं म्हणाला.

"मेली तरी नाही मागत."

"तू नाही मरून राहिली," शांतवन म्हणाला. "मी मरून राहिलो."

मार्थानं बादली उचलली, ती दारापर्यंत गेली. तेवढ्यात वंदना फोनवर कोणाशी तरी खिदळताना ऐकू आली आणि तिचं डोकंच फिरलं. बादली आदळून ती परत आली. "थोडं थांबा. टँकर येईन. देव उशीर करते, पण इसरत नाही."

शांतवननं तिच्याकडे पाहिलं. मग चालत असलेला एकच हात त्यानं वर केला आणि असेल-नसेल तेवढा जीव एकवटून ओरडला,

"देवा, माया बायकोचा विश्वास जरासा कमी कर! मले जगू दे!"

आणि मग भिंतीपलीकडून स्वच्छ आवाज आला, "आमेन."

मोटर घरघरली. एक हिरवा पाईप भिंतीवरून अंगणात येऊन पडला आणि पाणी सगळीकडे उडू लागलं. मार्था धावली. पाईप हातात आल्यावर तो उचलून परत पलीकडे भिरकावावा, असं तिला फार वाटलं. खरंच वाटलं. पण उघड्या दारातून शांतवन दिसत होता, आणि त्याचे डोळे पाईपवर होते. दात-ओठ खात तिनं पाईप कूलरच्या टाकीत सोडला. वाळ्याच्या ताट्या भिजल्या, खोलीत गार वारा सुटला. शांतवननं डोळे मिटले. मार्थाच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ते तिनं रागारागानं पदरानं पुसलं.

"भरली का टाकी?" पलीकडून वंदनानं विचारलं.

"नाही," मार्था खेकसली. "बंद नको करू, वंदना."