मास्टर पीस

पिंपळे सौदागरच्या त्या दुकानात गिटारींपेक्षा आरसे जास्त होते. गिऱ्हाइकानं गळ्यात गिटार अडकवून आधी स्वतःला बघावं, अशी सोय. लक्ष्मणरावांनी पायरीवरच ठरवून टाकलं, की इथली माणसं वाजवायला येत नाहीत, दिसायला येतात.

त्यांच्या खांद्यावर काळ्या पिशवीत बायकोची, जयमालाबाईंची गिटार होती. बाई जाऊन आठ महिने झाले होते. सोबत आलेली मुलगी वर्षाली म्हणत होती, मी शिकते, आईची गिटार मला द्या. लक्ष्मणरावांना ती द्यायची नव्हती. मुलीला नाही म्हणायचंही तोंड नव्हतं. म्हणून त्यांनी मधला मार्ग काढला होता : तुला नवी घेऊन देतो, आईच्या गिटारीसारखीच. जुनी घरात राहू दे.

दुकानातल्या रविराजनं दोन गिटारी काउंटरवर ठेवल्या. तिशीचा माणूस, डोक्यावर केसांचा बुचडा.

"काका, वीस हजारांच्या आसपास या दोनच घेण्यासारख्या. ही स्प्रूस लाकडाची, ब्राइट वाजते. ही महोगनीची, वॉर्म आहे."

"वॉर्म म्हंजे? किती डिग्री?"

"बाबा," वर्षाली म्हणाली.

"विचारलं फक्त. मोजता येत न्हाई ते आमाला कळत न्हाई."

रविराजनं दोन्ही वाजवून दाखवल्या. लक्ष्मणरावांना दोन्हींचा आवाज सारखाच वाटला. गोड आवाज काढून गिऱ्हाइकाला गुंडाळणं हाच याचा धंदा, त्यात आवाजावर काय विश्वास ठेवायचा. महाळुंग्याच्या कंपनीत त्यांनी एकतीस वर्षं इन्स्पेक्शनला काढली होती. तिथं कुणी पार्ट वॉर्म आहे म्हणालं असतं, तर त्याला चहा आणायला पाठवलं असतं. तिथं मास्टर पीस असायचा. तेल लावून, कपाटात कुलपात ठेवलेला. येणारा प्रत्येक नग त्याच्याशी ताडून बघायचा. जुळला तर पास. नाही जुळला तर त्याच्यावर लाल रंगाचा फटकारा.

त्यांनी पिशवीची चेन उघडून जयमालाबाईंची गिटार काउंटरवर ठेवली.

"हा मास्टर. याच्याशी जुळंल ती घेऊ."

शर्टाच्या खिशातून त्यांनी सहा इंची स्टीलची पट्टी काढली. शेजारचं एक जोडपं बघायला लागलं. लक्ष्मणरावांनी त्या दोघांकडे असं पाहिलं, की ती मुकाट्यानं आरशाकडे वळली. गळ्याची रुंदी मोजली, जुळली. पेटीची जाडी मोजली, जुळली. मग गळ्यावरच्या आडव्या पट्ट्यांपैकी बाराव्या फ्रेटवर तारेची उंची.

"मास्टर साडेचार मिलिमीटर. ही स्प्रूस, अडीच." पट्टी सरकली. "ही बी अडीच. दोन्ही रिजेक्ट. आणि वीस हजार मागताय राव."

"मग बाबा, मला आईचीच द्या ना," वर्षाली म्हणाली. "नवी जुळतच नाही म्हणताय तर."

लक्ष्मणराव आपल्याच मापात सापडले. ते पट्टी पुसायला लागले.

"काका, तुम्ही उलटं मोजताय," रविराज म्हणाला. त्यानं जुनी गिटार उचलून मांडीवर घेतली, बोटं मांडली आणि लगेच हात काढून झटकला. "बाप रे. हिच्यावर कोण वाजवायचं?"

"माझी आई. दोन वर्षं."

"एफ कॉर्ड यायची नाही त्यांना. एका आडव्या बोटानं सगळ्या तारा दाबाव्या लागतात तिला."

वर्षाली त्याच्याकडे वळली. "कधीच नाही आली. निगडीला क्लास होता. सर म्हणायचे, बोटांत जोर नाही. मग सोडला तिनं."

"एवढा जोर कुणाच्याच बोटांत नसतो, ताई. तारा किती वर आहेत बघा. पहिल्या दिवसापासून अशाच असणार. अर्ध्या तासाचं काम होतं. कुणी मोजलं असतं तर."

ही गिटार लक्ष्मणरावांनीच बोनसमधून आणली होती. दिवाळीच्या सेलमध्ये दुकानाच्या दारातच टांगलेली, पहिली दिसली ती. कंपनीत दोन रुपयांचा वॉशर तपासल्याशिवाय आत न घेणाऱ्या माणसानं ती न बघता घरात घेतली होती. रोज संध्याकाळी जयमालाबाई बोटं गार पाण्याच्या वाटीत बुडवून बसायच्या. दुखतंय हो, म्हणायच्या. आणि हे पेपरातून डोकं वर न काढता सांगायचे, सराव कर, कंपनीत नवी पोरं पण पहिला महिना रडतात. मग एक दिवस बाईच म्हणाल्या, माझ्या हातात कला नाही. त्यावर यांनी मान डोलावली होती. ही पट्टी तेव्हाही खिशातच होती.

कंपनीत वर्षभर वापरलेला मास्टर चुकीचा निघाला, तर पास केलेला सगळा माल परत मागवतात. इथं मागवायला कुणी उरलं नव्हतं.

लक्ष्मणरावांनी जुन्या गिटारीच्या गळ्यावर आडवं बोट ठेवून सगळ्या तारा दाबल्या. यंत्रावर घट्टे पडलेलं बोट, तरी तारा आत रुतल्या. दोन तारा खाली टेकल्याच नाहीत. ते दाबतच राहिले. शेवटी वर्षालीनं त्यांचा हात धरून बाजूला केला.

"नव्या दोन्ही दाबून बघ," ते तिला म्हणाले. "टोचणार न्हाई ती घे. माझं काय ऐकू नको. मला यातलं काय कळत न्हाई."

तिनं बराच वेळ बघून महोगनीची घेतली.

"जुनी ठेवून जा, काका," रविराज म्हणाला. "तारा खाली घेऊन देतो. पैसे नकोत."

"हात लावायचा न्हाई तिला."

"बाबा, नीट तर होऊ दे. मी मागत नाही आता."

"ऱ्हाऊ दे आहे तशी."

"मग करणार काय तिचं?"

लक्ष्मणरावांनी पिशवीची चेन लावली, पट्टा खांद्यावर घेतला. "शिकणार."

"हिच्यावर?" रविराजला हसू आवरलं नाही. "या वयात? काका, बोटं फुटतील."

"फुटू देत," लक्ष्मणराव म्हणाले, आणि रविराजला विचारलं, "ती एफ का काय म्हणालात, ती दाखवा. कुठलं बोट कुठं."